विद्युत् सामग्री : मापन व परीक्षण पद्धतींचा इतिहास

विद्युत् ऊर्जा निर्माण करणारी, वाहून नेणारी, तिच्यात बदल घडविणारी व ती वापरणारी यंत्रे आणि उपकरणे नेमून दिलेले काम कितपत करतात, ते करताना किती ऊर्जा वाया घालवितात आणि किती काळ सुरक्षितपणे टिकतात, हे ठरविण्याच्या पद्धतींना विद्युत् सामग्रीचे परीक्षण म्हणतात. जनित्रे (यांत्रिक ऊर्जेपासून वीज निर्माण करणारी यंत्रे), चलित्रे (विजेवर फिरणारी यंत्रे), रोहित्रे (विद्युत् दाब कमी-अधिक करणारी साधने), दिवे, संवाहक तारा, स्विचे आणि विकलेली ऊर्जा मोजणारे मापक अशा सर्वांचा या सामग्रीत समावेश होतो.

कोळसा तागडीत तोलता येतो, कापड गजाने मोजता येते. वीज मात्र ग्राहकाला दिसत नाही, हाताळता येत नाही आणि एकदा वापरली की पुन्हा तपासताही येत नाही. त्यामुळे विजेच्या व्यवहारात मापनाला केवळ शास्त्रीय नव्हे, तर व्यापारी आणि कायदेशीर महत्त्वही प्रारंभापासूनच आले. मोठ्या यंत्राची चाचणी घेण्यातील अडचण निराळी आहे. ते पूर्ण भाराने चालविण्यास प्रचंड शक्ती लागते आणि त्यात होणारा ऱ्हास एकूण शक्तीच्या मानाने थोडा असतो. हा थोडा ऱ्हास अचूकपणे कसा मोजावा आणि त्याविषयी विक्रेता व ग्राहक या दोघांनाही मान्य होईल असा निर्णय कोणी द्यावा, या दोन प्रश्नांभोवती या विषयाचा इतिहास फिरताना दिसतो.

प्रारंभीचे प्रयत्न : फिरत्या दंडावर मिळणारी शक्ती मोजण्याचे साधन विजेच्या उपयोगापूर्वीच उपलब्ध झाले होते. फ्रेंच अभियंते गास्पार द प्रोनी यांनी १८२१ मध्ये घर्षण गतिरोधक तयार केला. यात दंडावरील चाकाला लाकडी ठोकळ्यांनी आवळतात आणि त्यांना जोडलेली तरफ स्थिर ठेवण्यास किती वजन लागते ते पाहतात. हे वजन, तरफेची लांबी आणि दंडाची गती यांवरून शक्ती काढता येते. पुढे विद्युत् चलित्रांच्या चाचणीसाठीही हेच साधन वापरात आले आणि लहान चलित्रांकरिता शिक्षणसंस्थांच्या प्रयोगशाळांमध्ये आजही त्याचा उपयोग करतात.

विद्युत् यंत्राची आर्थिक कसोटी प्रथम लावणाऱ्यांमध्ये जेम्स प्रेस्कॉट जूल यांचे नाव महत्त्वाचे आहे. इंग्लंडमधील सॉल्फर्ड येथील मद्यनिर्मितीच्या व्यवसायात असलेल्या कुटुंबातील जूल यांनी वाफेच्या एंजिनाऐवजी घटमालेवर चालणारे चलित्र वापरता येईल का, याचा शोध घेतला. त्यासाठी एक पौंड जस्त खर्च झाल्यावर किती वजन एक फूट उंच उचलले जाते, हे त्यांनी मोजले. कॉर्नवॉलमधील उत्तम वाफ एंजिने एक पौंड कोळशात सु. १५ लाख पौंड वजन एक फूट उचलीत आणि हे काम आपल्या चलित्राकडून मिळालेल्या कमाल कामाच्या जवळजवळ पाचपट आहे, असे त्यांनी १८४१ मध्ये दाखवून दिले. जस्त तर कोळशाहून पुष्कळच महाग होते. त्यामुळे घटमालेवर चालणाऱ्या चलित्रांविषयीच्या आशा मावळल्या. परंतु याच मापनांतून संवाहकात निर्माण होणारी उष्णता ही विद्युत् प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते, हा जूल यांचा नियम सिद्ध झाला. यंत्रातील ताम्र हानी (तांब्याच्या गुंडाळीत उष्णतेच्या रूपाने होणारा ऊर्जेचा ऱ्हास) काढण्यासाठी आजही याच नियमाचा आधार घेतात.

रोधाची तुलना करण्याचा सेतू सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये वर्णन केला होता. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये त्याचे महत्त्व निदर्शनास आणल्यामुळे तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

एककांची निश्चिती : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोधाचे सर्वमान्य एकक नव्हते. तारायंत्र खाती आणि प्रयोगशाळा आपापल्या सोयीने ठरावीक लांबीची व जाडीची तार घेऊन तिचा रोध एकक मानीत. समुद्राखालील तारायंत्राच्या केबली टाकण्याचे काम सुरू झाल्यावर या गोंधळाची किंमत मोजावी लागू लागली, कारण केबलीतील दोषाचे स्थान रोधाच्या मापनावरूनच ठरवावे लागे. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांच्या सूचनेवरून ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये विद्युत् मानकांसाठी एक समिती नेमली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल, जूल व फ्लीमिंग जेंकिन यांनी या समितीत काम केले. समितीने तयार केलेली रोधाची प्रमाणभूत वेटोळी १८६५ पासून मिळू लागली.

पॅरिस येथे १८८१ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेत ओहम, व्होल्ट, अँपिअर, कुलंब व फॅराड ही एकके स्वीकारण्यात आली. शक्तीच्या एककाला जेम्स वॉट यांचे नाव देण्याची सूचना विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश असोसिएशनपुढे मांडली आणि १८८९ च्या पॅरिस परिषदेने वॉट व जूल या एककांना मान्यता दिली. शिकागो येथील १८९३ च्या परिषदेने ही एकके कोणत्याही सुसज्ज प्रयोगशाळेत प्रत्यक्षात आणता येतील अशा रीतीने सांगितली. बर्फाच्या वितळबिंदूला असलेल्या, १०६·३ सेंमी. लांबीच्या, सर्वत्र सारख्या छेदाच्या आणि १४·४५२१ ग्रॅ. वस्तुमानाच्या पाऱ्याच्या स्तंभाचा रोध म्हणजे एक आंतरराष्ट्रीय ओहम. तर सिल्व्हर नायट्रेटाच्या विद्रावातून दर सेकंदास ०·००१११८ ग्रॅ. चांदी निक्षेपित करणारा प्रवाह म्हणजे एक आंतरराष्ट्रीय अँपिअर होय. विद्युत् दाबासाठी प्रथम लॅटिमर क्लार्क यांचा घट प्रमाण मानला जाई. एडवर्ड वेस्टन यांनी पुढे आणलेला कॅडमियम घट तपमानातील फरकाने फारच थोडा बदलत असल्याने १९०८ च्या लंडन परिषदेनंतर त्याला पहिले स्थान मिळाले. विक्रेत्याच्या कारखान्यातील एक व्होल्ट आणि ग्राहकाच्या प्रयोगशाळेतील एक व्होल्ट एकच असल्याची खात्री यामुळे शक्य झाली.

कार्यक्षमतेविषयीचा वाद : विद्युत् प्रज्योत दिव्यांचा प्रसार होऊ लागल्यावर निरनिराळ्या बनावटींच्या जनित्रांमधून निवड करण्याचा प्रश्न उद्‌भवला. फिलाडेल्फियातील फ्रँक्लिन इन्स्टिट्यूटसाठी एलिहू टॉमसन व एडविन ह्यूस्टन यांनी १८७७-७८ मध्ये ब्रश, ग्राम व वॉलेस-फार्मर या जनित्रांच्या तुलनात्मक चाचण्या घेतल्या. पट्ट्यातून यंत्राला मिळणारी यांत्रिक शक्ती आणि मंडलात निर्माण होणारी उष्णता अशा दोन्ही बाजूंनी मापन करून पद्धतशीर तुलना करण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होता.

त्या काळी जनित्राच्या कार्यक्षमतेविषयी एक गैरसमज रूढ होता. ठराविक विद्युत् चालक प्रेरणेच्या व अंतर्गत रोधाच्या उद्‌गमातून बाह्य मंडलाला जास्तीत जास्त शक्ती मिळण्यासाठी बाह्य रोध अंतर्गत रोधाइतका असावा लागतो. या स्थितीत निम्मी शक्ती उद्‌गमातच नष्ट होते. यावरून कोणत्याही जनित्राची कार्यक्षमता ५० टक्क्यांहून अधिक असूच शकत नाही, असा निष्कर्ष काही तज्ञांनीही काढला होता. वस्तुतः जास्तीत जास्त शक्ती मिळविणे आणि शक्ती जास्तीत जास्त काटकसरीने मिळविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अंतर्गत रोध बाह्य रोधाच्या मानाने अगदी लहान ठेवल्यास कार्यक्षमता ९० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे नेता येते. टॉमस एडिसन यांची जनित्रे याच तत्त्वावर बांधलेली होती. मंडलात निर्माण झालेली एकूण विद्युत् शक्ती धरावयाची की ग्राहकाला प्रत्यक्षात उपयोगी पडणारी तेवढीच धरावयाची, याचाही खुलासा जाहिरातींमध्ये नसे. कार्यक्षमतेचा आकडा सांगताना तिची व्याख्या आणि मापनाची पद्धतही सांगितली पाहिजे, हा दंडक या वादातून निर्माण झाला.

जॉन हॉपकिन्सन यांनी १८७९ मध्ये जनित्राचा दाब व प्रवाह यांचा संबंध आलेखाने दाखविण्यास सुरुवात केली. या अभिलक्षण वक्रावरून निरनिराळ्या भारांना यंत्र कसे वागेल, हे आधीच वर्तविता येऊ लागले. पॅरिसच्या १८८१ च्या विद्युत् प्रदर्शनात एडिसन, स्वॉन, लेन-फॉक्स व मॅक्सिम यांच्या तप्तसूत्र दिव्यांची शास्त्रज्ञांच्या एका गटाने तुलना केली. तीत ठराविक शक्तीत मिळणाऱ्या प्रकाशाच्या दृष्टीने एडिसन यांचा दिवा सरस ठरला. निर्मात्याच्या स्वतःच्या दाव्याऐवजी तटस्थ तज्ञांच्या मापनावर विसंबण्याची प्रथा अशा प्रदर्शनांमुळे दृढ झाली.

ऊर्जामापकाचा उदय : न्यूयॉर्क येथील पर्ल स्ट्रीट विद्युत् केंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. तेथील ग्राहकांसाठी एडिसन यांनी रासायनिक मापक योजला होता. ग्राहकाच्या प्रवाहाचा अल्पसा ठराविक अंश झिंक सल्फेटाच्या विद्रावात बुडविलेल्या जस्ताच्या पत्र्यांमधून नेत आणि ठराविक काळानंतर पत्र्यांचे वजन करून झालेल्या फरकावरून विजेचा आकार ठरवीत. मायकेल फॅराडे यांच्या विद्युत् विच्छेदनाच्या नियमावर आधारलेली ही पद्धत तत्त्वतः निर्दोष होती. तथापि तिच्यात ग्राहकाला स्वतः काहीच वाचता येत नसे; कंपनीच्या माणसाने पत्रे नेऊन तोलावेत आणि ग्राहकाने त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा, एवढेच शक्य होते. शिवाय हा मापक विद्युत् भार मोजी, ऊर्जा नव्हे. दाब स्थिर राहील तेव्हाच त्याचे उत्तर ऊर्जेच्या प्रमाणात येई.

तबकडीवर आकडे दाखविणारा मापक ही म्हणूनच व्यापाराची निकड होती. बर्लिनमधील हेर्मान आरोन यांनी १८८० नंतरच्या दशकात लंबकाच्या घड्याळांवर आधारलेला मापक तयार केला. विद्युत् प्रवाहामुळे एका लंबकाची गती बदले आणि दोन घड्याळांमधील फरक खर्च झालेली वीज दर्शवी. एलिहू टॉमसन यांच्या मापकात एक लहानसे चलित्र शक्तीच्या प्रमाणात फिरे आणि चुंबकांच्या मधून जाणारी तांब्याची तबकडी त्याला गतीच्या प्रमाणात अटकाव करी. १८९० मध्ये पॅरिस येथे झालेल्या मापकांच्या स्पर्धेत आरोन व टॉमसन यांना पारितोषिक विभागून मिळाले.

ग्रेट ब्रिटनमध्ये १८८२ च्या विद्युत् प्रकाश कायद्यानंतर पुरवठ्यावर बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याची देखरेख आली. एक किलोवॉट शक्ती एक तासभर वापरल्यास खर्च होणाऱ्या ऊर्जेला बोर्ड ऑफ ट्रेड युनिट म्हणू लागले. भारतात वीजबिलावर आढळणारा ‘युनिट’ हा शब्द याच परंपरेतून आला आहे.

हानी मोजण्याच्या पद्धती : यंत्राची कार्यक्षमता म्हणजे त्यातून मिळणारी शक्ती भागिले त्याला दिलेली शक्ती. या दोन्ही शक्ती मोजून भागाकार करणे ही पद्धत वरवर पाहता सरळ वाटते. परंतु चांगल्या यंत्राच्या बाबतीत ती फसवी ठरते. उदा., एखाद्या यंत्राला १०० किवॉ. शक्ती दिली असता त्यातून ९४ किवॉ. मिळते, असे समजू. प्रत्येक मापनात केवळ एक टक्का चूक झाली आणि या चुका परस्परविरुद्ध दिशांच्या असल्या, तर हानी ६ किवॉ.ऐवजी ४·०६ किंवा ७·९४ किवॉ. अशी येईल, म्हणजे हानीच्या आकड्यात जवळजवळ एकतृतीयांश चूक होईल. याउलट हानीच स्वतंत्रपणे मोजली आणि त्या मापनात पाच टक्के चूक झाली, तरी ती ०·३ किवॉ.च भरेल व कार्यक्षमतेवर तिचा परिणाम सु. ०·३ टक्केच होईल. मोठ्या दोन राशींच्या वजाबाकीतून लहान राशी काढण्यापेक्षा ती लहान राशी सरळ मोजावी, हे या क्षेत्रातील मूलतत्त्व आहे.

जॉन व एडवर्ड हॉपकिन्सन या बंधूंनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या तत्त्वाचा कल्पक उपयोग केला. दोन सारख्या यंत्रांचे दंड एकमेकांस जोडावयाचे आणि त्यांची विद्युत् मंडलेही जोडावयाची. एक यंत्र चलित्र म्हणून दुसऱ्याला फिरविते आणि दुसरे जनित्र म्हणून पहिल्याला वीज पुरविते. शक्ती या दोहोंमध्येच फिरत राहते. बाहेरून फक्त दोन्ही यंत्रांतील हानी भरून काढावी लागते. मूळ प्रयोगात ही तूट पट्ट्याद्वारे यांत्रिक रीत्या भरून काढली होती. नंतरच्या रूपात ती विद्युत् उद्‌गमातून भरून काढतात. त्यामुळे कारखान्यातील उद्‌गम लहान असला, तरी मोठी यंत्रे पूर्ण भाराने तासन् तास चालविता येतात, त्यांचे तापणे पाहता येते आणि हानी सरळ मोजली जाते. सारखी दोन यंत्रे हाताशी असणे ही मात्र या पद्धतीची मुख्य अट आहे.

एकच यंत्र असेल तेव्हा जेम्स स्विनबर्न यांची पद्धत सोयीची ठरते. एकदिश प्रवाहाचे यंत्र बिनभारी चालवून घर्षण व लोखंडी गाभा यांमधील हानी मोजतात आणि गुंडाळीच्या रोधावरून कोणत्याही भाराला होणारी ताम्र हानी गणिताने काढून तीत मिळवितात. यासाठी शक्ती फारच थोडी लागते. परंतु पूर्ण भाराला यंत्र किती तापते व दिक्‌परिवर्तकावर ठिणग्या पडतात की काय, हे या चाचणीतून कळत नाही. त्यामुळे बिनभारी चाचणी आणि भारित चाचणी या एकमेकींना पर्याय नसून पूरक आहेत.

रोहित्रांनाही हेच तत्त्व लागू करण्यात आले. दुय्यम गुंडाळी खुली ठेवून केलेल्या चाचणीत लोह हानी आणि ती गुंडाळी मंडल संक्षेपित करून कमी दाबावर केलेल्या चाचणीत ताम्र हानी मिळते. डब्ल्यू. ई. सम्प्नर यांच्या पद्धतीत दोन सारखी रोहित्रे पाठीला पाठ लावून जोडतात व पूर्ण भाराला होणारी तपमानवाढ थोड्या शक्तीत पाहतात. पुरवठ्याच्या रोहित्रातील लोह हानी लहान वाटली, तरी ती दिवसाचे चोवीस तास होत असते, मग दिवे लागोत वा न लागोत. यासाठी रोहित्राची केवळ पूर्ण भाराची कार्यक्षमता न पाहता संपूर्ण दिवसाची कार्यक्षमता पाहण्याची पद्धत पडली. लोखंडाचे चुंबकीकरण पुन:पुन्हा उलटताना होणाऱ्या मंदायन हानीचा (चुंबकीकरण हे चुंबकीय क्षेत्राच्या मागे रेंगाळत राहिल्याने होणाऱ्या ऊर्जेच्या ऱ्हासाचा) अभ्यास एमिल वॉरबुर्ख व जेम्स आल्फ्रेड युइंग यांनी १८८१ च्या सुमारास केला आणि चार्ल्स स्टाइनमेट्स यांनी १८९२ मध्ये तिच्यासाठी अनुभवजन्य सूत्र दिले. वापरातील उष्णतेने त्या काळचे लोखंड ‘जुने’ होऊन त्यातील हानी वाढत जाते, ही बाब वारंवार केलेल्या मापनांमुळेच उघडकीस आली. १९०० च्या सुमारास रॉबर्ट हॅडफील्ड व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या सिलिकॉनयुक्त पोलादामुळे हा दोष बव्हंशी दूर झाला.

प्रत्यावर्ती प्रवाहाचे मापन : एकदिश प्रवाहात दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. प्रत्यावर्ती (आलटून पालटून उलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहात मात्र दाब आणि प्रवाह यांच्या कला भिन्न असू शकतात व अशा वेळी नुसता गुणाकार वास्तव शक्तीहून जास्त येतो. वास्तव शक्ती व हा गुणाकार यांच्या गुणोत्तराला शक्तिगुणक म्हणतात. विल्यम एअर्टन व सम्प्नर यांनी १८९१ मध्ये केवळ तीन दाबमापकांच्या साहाय्याने वास्तव शक्ती काढण्याची रीत दिली. आंद्रे ब्लाँडेल यांनी १८९३ च्या शिकागो परिषदेत असे सिद्ध केले की, कितीही तारांच्या मंडलातील शक्ती तारांच्या संख्येपेक्षा एकने कमी शक्तिमापक वापरून मोजता येते. तीन तारांच्या त्रिकला मंडलात दोन शक्तिमापक पुरेसे होतात, ते यामुळेच.

गालिलेओ फेरारीस यांनी फिरत्या चुंबकीय क्षेत्रासंबंधीचे आपले संशोधन १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ऑलिव्हर शॅलेनबर्गर यांनी प्रत्यावर्ती प्रवाहासाठी फिरत्या तबकडीचा मापक तयार केला. परंतु तो प्रवाह मोजी, ऊर्जा नव्हे. बूडापेस्ट येथील गान्झ कारखान्यातील ऑटो ब्लाटी यांनी १८८९ मध्ये एकस्व घेतलेला प्रवर्तन मापक खऱ्या अर्थाने ऊर्जा मोजणारा होता. यात दाबाचे व प्रवाहाचे अशा दोन विद्युत् चुंबकांमुळे तबकडीवर वास्तव शक्तीच्या प्रमाणात प्रेरणा निर्माण होते आणि एक कायम चुंबक तिच्या गतीच्या प्रमाणात तिला रोखतो. परिणामी तबकडीचे एकूण फेरे ऊर्जेच्या प्रमाणात होतात. यात दिक्‌परिवर्तक व घासणारे ब्रश नसल्याने झीज अल्प असते. यामुळे या तत्त्वावरील मापक शंभर वर्षे जगभर घराघरांत टिकून राहिले.

प्रत्यावर्ती प्रवाहाच्या दूर अंतरावरील प्रेषणाची निर्णायक परीक्षा १८९१ मध्ये जर्मनीत झाली. त्यापूर्वी १८८२ मध्ये मार्सेल देप्रे व ओस्कार फोन मिलर यांनी मीसबाखहून ५७ किमी. अंतरावरील म्यूनिकला एकदिश प्रवाहाने शक्ती पोचविली होती. परंतु तीपैकी बराच मोठा भाग वाटेतच नष्ट झाला. १८९१ मध्ये नेकार नदीवरील लाउफेन येथून फ्रँकफुर्टच्या विद्युत् प्रदर्शनापर्यंत सु. १७५ किमी. अंतर त्रिकला प्रवाहाने शक्ती नेण्यात आली. इतक्या अंतरावर उपयुक्त शक्ती पोचणारच नाही, असे भाकीत अनेकांनी केले होते. हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांच्या अध्यक्षतेखालील परीक्षण समितीच्या मापनांनुसार सु. ७५ टक्के शक्ती पलीकडे पोचत असल्याचे आढळले. एकदिश की प्रत्यावर्ती, हा वाद यापुढे मतांवर नव्हे, तर मोजलेल्या आकड्यांवर चालू लागला.

तपमान व निरोधन : यंत्रावर किती भार घालावा, हे मुख्यतः त्याच्या निरोधनाला (विद्युत् प्रवाह अडविणाऱ्या आवरणाला) किती उष्णता सोसते यावर अवलंबून असते. प्रत्येक निर्माता आपापल्या रीतीने क्षमता सांगत असल्यामुळे समान अश्वशक्तीची दोन चलित्रे प्रत्यक्षात सारखी नसत. अमेरिकन विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने १८९९ मध्ये क्षमता व चाचणी यांविषयीचे पहिले नियम प्रसिद्ध केले. निरोधनाचे तपमान सु. ८° से. वाढले की त्याचे आयुष्य निम्म्याने घटते, हा व्यवहारोपयोगी नियम व्ही. एम. माँटसिंगर यांनी १९३० मध्ये मांडला. तपमानवाढीची चाचणी ही अशा रीतीने यंत्राच्या आयुर्मानाचीच चाचणी ठरली.

निरोधनाचा रोध जागेवरच मोजण्यासाठी सिडनी एव्हरशेड यांनी १८८९ मध्ये हाताने फिरवावयाच्या जनित्रासह एक परीक्षक बनविला. १९०३ पासून तो ‘मेगर’ या नावाने प्रसिद्ध झाला व हा शब्द वीजतंत्र्यांच्या नित्याच्या बोलण्यात रुळला. उच्च दाबाखाली निरोधनात होणारी सूक्ष्म हानी मोजणारा सेतू हाराल्ट शेरिंग यांनी १९२० मध्ये, तर विजेच्या कडकडाटाने तारांवर येणाऱ्या क्षणिक उच्च दाबाची प्रतिकृती निर्माण करणारे आवेग जनित्र एर्व्हीन मार्क्स यांनी १९२४ मध्ये पुढे आणले.

संस्था व मानके : तटस्थ परीक्षणासाठी कायम स्वरूपाच्या राष्ट्रीय संस्थाही निर्माण झाल्या. बर्लिनजवळील शार्लोटेनबुर्ख येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे हेल्महोल्ट्स हे पहिले अध्यक्ष होते. १९०० मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा व १९०१ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्था स्थापन झाली. १९०६ मध्ये लंडन येथे आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाची स्थापना होऊन लॉर्ड केल्व्हिन त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

एकसारखी मानके नसल्यास काय होते, याचे उदाहरण प्रवर्तन चलित्रांच्या बाबतीत पाहावयास मिळाले. भारित स्थितीत होणारी किरकोळ हानी मोजणे अवघड असल्याने आंतरराष्ट्रीय आयोगाच्या जुन्या नियमांत ती सरसकट दिलेल्या शक्तीच्या अर्धा टक्का धरीत, तर अमेरिकी पद्धतीत ती प्रत्यक्ष भारित चाचणीतून काढीत. त्यामुळे एकाच चलित्राची कार्यक्षमता दोन नियमांनुसार वेगवेगळी येई व प्रत्यक्षात हानी जास्त असलेले यंत्र कागदावर चांगले ठरे. २००७ च्या सुधारित मानकाने ही उणीव बव्हंशी दूर केली. २००८ पासून चलित्रांचे कार्यक्षमतेनुसार आंतरराष्ट्रीय वर्ग पाडण्यात आले, त्यांना या मापनपद्धतीचाच आधार आहे.

भारत : खोपोली येथील टाटा जलविद्युत् केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांना वीजपुरवठा सुरू झाला. वाफ एंजिनांऐवजी वीज घेणाऱ्या गिरण्यांच्या दृष्टीने मापकावरील आकडा ही रोजच्या हिशेबाची बाब बनली. १९१० च्या भारतीय विद्युत् कायद्याच्या २६ व्या कलमात मापकाविषयीच्या वादाचा निर्णय पुरवठा कंपनी वा ग्राहक यांच्याकडे न ठेवता सरकारी विद्युत् निरीक्षकाकडे सोपविला होता. या कायद्याची जागा घेणाऱ्या २००३ च्या विद्युत् अधिनियमाच्या ५५ व्या कलमानुसार अचूक मापकाशिवाय वीजपुरवठा करता येत नाही. राज्य आयोगाला या तरतुदीची मुदत वाढविता येते.

भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली (१९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो). दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली असून विद्युत् एककांची राष्ट्रीय मानके तिच्याकडे आहेत. बंगलोर येथे १९६० मध्ये केंद्रीय विद्युत् संशोधन संस्था स्थापन झाली. रोहित्रे, स्विचे इत्यादींच्या चाचण्या या संस्थेच्या बंगलोर व भोपाळ येथील प्रयोगशाळांमध्ये केल्या जातात. २००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमानुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला व २००६ मध्ये घरगुती उपकरणांवर ताऱ्यांच्या खुणा लावण्याची योजना सुरू झाली. प्रशीतक किंवा पंखा विकत घेणाऱ्या सामान्य माणसापर्यंत परीक्षणाचा निष्कर्ष अशा रीतीने पोचला.

महाराष्ट्रात कृषिपंपांपैकी बऱ्याच पंपांना मापक न बसविता अश्वशक्तीनुसार ठोक दराने आकारणी करण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली. या पद्धतीत पंपांनी वापरलेली वीज अंदाजाने ठरवावी लागते आणि वितरणातील हानी एकूण पुरवठ्यातून हा अंदाज वजा करून काढली जाते. अंदाज जास्त धरल्यास हानी व चोरी कमी दिसते. कमी धरल्यास ती वाढते. यंत्रांच्या बाबतीत जी अडचण हॉपकिन्सन बंधूंनी दूर केली, तीच येथे संपूर्ण वितरण जाळ्याच्या बाबतीत आढळते. शेतकऱ्यावर किती आकार पडावा आणि इतर ग्राहकांनी कोणाचा भार उचलावा, हे प्रश्न यात गुंतलेले असल्याने ही केवळ तांत्रिक बाब राहिलेली नाही. रोहित्रांवर व वाहिन्यांवर मापक बसवून ऊर्जेचा हिशेब जुळविणे, हा यावरील उपाय आहे.

आधुनिक काळ : १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय एककांऐवजी निरपेक्ष एकके स्वीकारण्यात आली. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये वर्तविलेला परिणाम व्होल्टसाठी आणि क्लाउस फोन क्लिट्सिंग यांनी १९८० मध्ये शोधलेला पुंज हॉल परिणाम ओहमसाठी १९९० पासून वापरात आला. २० मे २०१९ पासून अँपिअरची व्याख्या इलेक्ट्रॉनाच्या विद्युत् भाराच्या निश्चित मूल्यावर आधारलेली आहे. पाऱ्याचा स्तंभ व चांदीचा निक्षेप यांची जागा अशा प्रकारे निसर्गातील स्थिरांकांनी घेतली.

फिरत्या तबकडीच्या मापकांऐवजी इलेक्ट्रॉनीय मापक रूढ झाले आहेत. त्यांत दाब व प्रवाह यांची मूल्ये सेकंदास अनेक वेळा घेऊन त्यांचा गुणाकार अंकीय रीतीने केला जातो. संगणक, अंकीय नियंत्रक इत्यादींमुळे प्रवाहाचा तरंगाकार विकृत होतो, तेव्हाही योग्य रचनेचा असा मापक वास्तव ऊर्जा मोजू शकतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या योजनेनुसार दूरसंपर्क असलेले पूर्वप्रदान मापक बसविण्याचे काम भारतात हाती घेण्यात आले. सौर विद्युत् फलकांची क्षमता दर चौ. मी.ला १,००० वॉट प्रारण व घटाचे २५° से. तपमान या प्रमाणभूत स्थितीत सांगतात. मे महिन्यातील विदर्भातील छपरावर फलक याहून बराच तापतो व तेवढीच शक्ती देत नाही. म्हणून चाचणीतील आकडा आणि प्रत्यक्ष वापरातील उत्पादन यांतील फरक ग्राहकाला समजावून देणे आवश्यक ठरते.

मापकाच्या अंतर्गत रचनेत आता यंत्राऐवजी आज्ञावली आल्याने त्याच्या परीक्षणात आज्ञावलीची सत्यता, नोंदींची सुरक्षितता व बाह्य चुंबकाने होणारी छेडछाड या बाबींची भर पडली आहे. एडिसन यांच्या ग्राहकाला जस्ताचे पत्रे तोलता येत नसत. आजच्या ग्राहकाला मापकातील आज्ञावली वाचता येत नाही. म्हणून मापकाची तपासणी विक्रेत्याहून स्वतंत्र अशा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घेण्याचा ग्राहकाचा हक्क आणि अशा प्रयोगशाळांची मानके राष्ट्रीय मानकांशी नियमितपणे ताडून पाहण्याची व्यवस्था, यांचे महत्त्व पूर्वीइतकेच आहे.